छातीला हलायला जागा उरत नाही तेव्हा

गेल्या महिन्यात विहिरीत साठलेल्या वायूबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते: चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरतात त्याहून जास्त उभ्या उभ्या गुदमरून मरतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी गुडघेदुखी, मधुमेह आणि झोपेच्या गोळ्यांना रजा दिली आहे. पस्तीस वर्षं शवविच्छेदनाच्या टेबलापाशी काढलेल्या बाईला असलं काही विचारायला लोक सहसा बिचकतात. बिचकू नका.

प्रश्न : माझी आई पंधरा वर्षांपूर्वी जत्रेतल्या चेंगराचेंगरीत गेली. मी तेव्हा अकरावीत होते. परवा वडिलांची ट्रंक आवरताना पीएम रिपोर्टची झेरॉक्स सापडली. त्यात लिहिलंय: कवटी शाबूत, बरगड्या शाबूत, पोटात इजा नाही. चेहरा व मान जांभळी, दोन्ही डोळ्यांत रक्त. 'छातीवर लहान गोल दाबाचे ठसे, एका ओळीत.' मृत्यूचं कारण ट्रॉमॅटिक अस्फिक्सिया, म्हणजे छाती दाबली जाऊन गुदमरणं. काहीच मोडलं नव्हतं, तर आई गेली कशी? डॉक्टरांनी घाईत उरकलं का? गावात अजून म्हणतात, तिला तुडवलं. माझा दादा तिचा हात धरून होता आणि तो हात सुटला. तो आजही हा विषय काढू देत नाही. आईला फार त्रास झाला असेल का? (फलटण तालुक्यातील एक भगिनी. जत्रेचं नाव पत्रात आहे, मी मुद्दाम देत नाही.)

उत्तर : ताई, तो रिपोर्ट उरकलेला नाही. ज्यानं लिहिला त्यानं नीट बघून लिहिलाय. ते ओळीतले गोल ठसे बहुधा मंगळसूत्राच्या मण्यांचे. मी स्वतः असे ठसे पाहिले आहेत. एकदा तर ते इतके स्पष्ट होते की मणी मोजता आले, आणि मधल्या दोन वाट्यांची जागासुद्धा दिसत होती. बोटानं मणी दाबून बघा, त्वचेवर खूण उमटते आणि मिनिटभरात जाते. ती राहून जायला बराच दाब लागतो आणि तो काही काळ टिकावा लागतो. तुमच्या आईच्या छातीवर तो समोरून होता, म्हणजे पाठीमागूनही असणारच.

आता मोडलं काहीच नाही तरी माणूस जातो कसा, ते सांगते. आत्ता बसल्या जागी दोन्ही हात बरगड्यांवर ठेवा आणि श्वास घ्या. बादलीची कडी उचलावी तशी प्रत्येक बरगडी बाहेर आणि वर येते, छाती आणि पोटामधला पडदा खाली उतरतो, पोट पुढे येतं. हवा आपण ओढतो असं वाटतं, पण खरं तर आपण आत जागा करतो आणि हवा आपसूक येते. लोहाराचा भाता बघितला असेल तर लगेच कळेल. भात्याची फळी वर उचलूच दिली नाही तर तोंड कितीही उघडं असो, वारा आत शिरत नाही. गर्दीत नेमकं हेच होतं. श्वास सोडता येतो, आणि सोडला की रिकाम्या झालेल्या त्या दोन बोटं जागेत शेजारच्याची पाठ सरकते. पुढचा श्वास घ्यायला छाती फुगतच नाही. नाक-तोंड मोकळं, वर आभाळ मोकळं, आणि माणूस गुदमरतो.

चेहरा जांभळा आणि डोळ्यांत रक्त, हेही त्यातलंच. छातीवर दाब आला की हृदयाकडे येणारं रक्त उलट वर, मान आणि डोक्याकडे ढकललं जातं. तिथल्या मोठ्या शिरांना त्याला अडवण्याइतक्या झडपा नसतात, त्यामुळे बारीक केशवाहिन्या फुटतात, आणि दाबाच्या रेषेच्या वरचा भाग जांभळा, खालचा नेहमीच्या रंगाचा दिसतो. हे पहिल्यांदा टिपून ठेवलं ते फ्रान्समधल्या ओलिव्हिए दांझे या डॉक्टरनं, 1837 साली, पॅरिसमध्ये गर्दीत मेलेल्यांच्या शरीरांवर. त्याला तो मुखवट्यासारखा वाटला. आम्ही आजही तोच मुखवटा शोधतो. बरगड्या मोडलेल्या असतात कधी कधी, पण नसल्या तरी निदान बदलत नाही. तरुण आणि लहान मुलांच्या बरगड्या तर लवतात, मोडत नाहीत.

तुडवलं म्हणता, तर तुडवल्याच्या खुणा वेगळ्या असतात: चपलेच्या तळव्याची नक्षी, यकृत-प्लीहा फाटणं, चेहऱ्यावर खरचटणं. तुमच्या कागदावर त्यातलं काही नाही. तुमच्या आईच्या अंगावर कुणी पाय दिल्याचा पुरावा नाही, एवढं मी ठामपणे सांगू शकते.

त्रासाचं विचारलंत. खोटं सांगणार नाही. सुरुवातीला भीती आणि छातीवरचं ओझं कळतं. पण श्वास पूर्ण अडला की शुद्ध लवकर जाते, साधारण मिनिट-दोन मिनिटांत. दाब कमी-जास्त होत राहिला तर थोडी उशिरा. शुद्ध गेल्यावर काही जाणवत नाही, आणि मृत्यू त्यानंतर येतो.

आणि दादांना हा परिच्छेद वाचून दाखवा, किंवा अंक नुसता समोर ठेवा. अशा गर्दीत हात सुटतो तो बोटांची पकड ढिली पडली म्हणून नाही. दोघांच्या मध्ये शेकडो माणसांचा रेटा शिरतो. अशा घटनांनंतर पोलादी रेलिंग वाकलेली सापडली आहेत. पोलाद वाकवणाऱ्या जोरापुढे मुलानं आईचा हात धरून ठेवायचा कसा?

प्रश्न : तुमचं म्हणणं पटलं नाही. डोंबिवलीहून सकाळी 8च्या फास्ट लोकलमध्ये मी वीस वर्षं उभा आहे. त्याहून गच्च गर्दी जगात नसेल. मग आम्ही रोज का मरत नाही? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : प्रश्न फर्मास आहे. आमच्या वर्गात कुणी असा विचारला असता तर मी तास तिथेच थांबवून चहा पाजला असता.

तुमच्या डब्यात खरोखरच भयंकर दाटी असते. चौरस मीटरला 14 ते 16 उभे प्रवासी हा आकडा मुंबईच्या लोकलबद्दल नेहमी सांगितला जातो. पण डबा ही बंद पेटी आहे. तुमच्यामागे फार तर पाच-सात माणसं, मग पत्रा. रेटा येतो तो दारात, स्टेशनवर, वीस-तीस सेकंद. गाडी हलली की प्रत्येकजण अर्धा इंच जागा करून घेतो आणि छाती पुन्हा फुगते. रस्त्यावर किंवा पुलावर मागे शंभर माणसं एकावर एक रेलतात, त्यातल्या प्रत्येकाचं थोडं थोडं वजन पुढे जमत जातं आणि ते थांबायला पत्रा नसतो. सगळा हिशेब सगळ्यात पुढच्याच्या बरगड्यांवर येतो. मागच्याला काही कळतही नाही, त्याला फक्त "पुढे का सरकत नाहीत" एवढंच वाटतं.

जॉन फ्रुइन नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं यावर खूप काम केलंय. त्याचं निरीक्षण असं की चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी माणसांसारखी वागायची थांबते आणि पाण्यासारखी वागू लागते. लाटा येतात. तुम्ही चालत नाही, वाहून नेले जाता.

हे मी अनुभवलंय, बाई असून आणि डॉक्टर असून. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट, एका मोठ्या देवस्थानात दर्शनबारीच्या लोखंडी कठड्यांमध्ये. आरती सुरू झाली, पुढचं दार बंद केलं, आणि मागचं कुणी बंद केलं नाही. दहाएक मिनिटांत माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. चप्पल केव्हा गेली ते कळलंच नाही. शेजारच्या म्हातारीच्या तोंडून आवाज येत नव्हता, नुसते ओठ हलत होते. दार उघडलं आणि सुटले. घरी आल्यावर दंडावर कठड्याच्या गजाची आडवी निळी रेघ होती, ती आठवडाभर होती.

प्रत्येक दुर्घटनेनंतर वर्तमानपत्रात चपलांच्या ढिगाचा फोटो येतो आणि खाली "जीव वाचवण्यासाठी लोक सैरावैरा धावले". धावायला जागा असती तर कुणी मेलंच नसतं. त्यातल्या किती चपला पळताना सुटलेल्या असतात आणि किती अधांतरी पायांतून निसटलेल्या, याचा विचार ओळ लिहिणाऱ्यानं करावा.

प्रश्न : प्रत्येक वेळी चौकशीत "अफवा पसरली" आणि "लोक बेशिस्त वागले" असंच येतं. विद्यार्थ्यांना मीही तेच शिकवत आलो. आपल्या लोकांना रांगेची सवय नाही हे खरं ना? (निवृत्त मुख्याध्यापक, वाई)

उत्तर : सर, तुम्ही वाईचे, म्हणजे मांढरदेव तुमच्या डोक्यावरच. 25 जानेवारी 2005, शाकंभरी पौर्णिमा. 290हून अधिक माणसं गेली. अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी दुकानं, आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या. एकजण घसरला तर मागचा थांबणार कसा, आणि त्याच्या मागच्याला ते कळणार कसं? नंतर दुकानांना आगी लागल्या, सिलिंडर फुटले. लोकांच्या लक्षात आग राहिली. पण त्या उतारावर, त्या वाटेवर, तितकी माणसं आली त्या क्षणीच गणित बिघडलं होतं. ते गणित नारळ वाहणाऱ्या भाविकानं मांडायचं नसतं.

मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल घ्या. 29 सप्टेंबर 2017, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. अचानक पाऊस आला, छत्री नसलेले लोक जिन्यावर आडोशाला थांबले, आणि गाड्या माणसं ओतत राहिल्या. 23 मृत्यू. तेव्हा एक साक्ष फार गाजली: फुलवाल्याचं "फूल गिर गया" लोकांनी "पूल गिर गया" असं ऐकलं. गोष्ट सुरस आहे, त्यामुळे तीच राहिली. पण सर, रिकाम्या पुलावर कुणी "पूल गिर गया" असं कितीही ओरडलं, तरी कुणी गुदमरत नाही. काडी पडली यापेक्षा रॉकेल आधीच सांडलेलं होतं, हे महत्त्वाचं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लष्करानं तिथे नवा पूल उभा करून दिला. स्टेशनचं नावही बदललं, प्रभादेवी झालं.

आणि 23 नोव्हेंबर 1994 चं नागपूर. हिवाळी अधिवेशनावर आलेला गोवारींचा मोर्चा, पोलिसांचा लाठीमार, त्यातून चेंगराचेंगरी, 114 मृत्यू, बहुतेक बायका आणि मुलं. त्याला बेशिस्त म्हणणार का?

"आपल्या लोकांना" हा शब्द मला जास्त टोचला. रांगेचं बाळकडू प्यायलेला देश म्हणजे इंग्लंड, नाही का? 15 एप्रिल 1989, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, फुटबॉलचा सामना. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी दुपारी 2 वाजून 52 मिनिटांनी एक मोठं फाटक उघडलं. लोक समोर दिसणाऱ्या बोगद्यातून थेट प्रेक्षकांच्या मधल्या, आधीच भरलेल्या, कुंपण घातलेल्या कप्प्यांत शिरले. त्यांना बाजूच्या, बऱ्याच मोकळ्या कप्प्यांकडे वळवायला कुणी उभं नव्हतं. पुढे जाळी. 97 माणसं गेली, त्यातलं शेवटचं 2021 मध्ये, बत्तीस वर्षं त्या दिवसाच्या इजा अंगावर वागवून.

दोष कुणाचा? दारुड्या प्रेक्षकांचा, असं पोलिसांनी सांगितलं. मृतांच्या रक्तात दारू तपासली गेली, लहान मुलांच्यासुद्धा. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं होतं. रक्ताची बाटली भरणं हे आमचंच काम. ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून भरतोय, हे भरणाऱ्यानं विचारायला हवं. 1991 मध्ये निकाल लागला, अपघाती मृत्यू. घरच्यांनी सोडलं नाही. 2012 मध्ये स्वतंत्र समितीनं कागद उघडले तेव्हा पोलिसांचे शंभरावर जबाब बदललेले निघाले. आणि निदान 41 जण वेळेवर मदत मिळाली असती तर कदाचित वाचले असते, असंही निघालं. 2016 मध्ये ज्युरीनं सांगितलं की हे मृत्यू बेकायदा घडवलेले आहेत आणि प्रेक्षकांचा दोष नाही. सत्तावीस वर्षं लागली.

दक्षिण कोरियातलं इतेवॉन तर कालपरवाचं. 29 ऑक्टोबर 2022 ची रात्र, जेमतेम तीन मीटर रुंदीची उताराची गल्ली, 159 मृत्यू, बहुतेक विशी-तिशीतली मुलं. संध्याकाळी 6 वाजून 34 मिनिटांनी पोलिसांना पहिला फोन गेला होता की इथे लोक चिरडून मरतील. असे अकरा फोन गेले. गर्दी कोसळली रात्री सव्वादहाच्या सुमारास. अफवा नव्हती, देव नव्हता, नारळ नव्हता.

म्हणून "चेंगराचेंगरी" हा आपला शब्दच मला खटकतो. त्यात दोघांनी एकमेकांना चेंगरल्याचा आवाज येतो, हाणामारीसारखा. वर्गात आता काय शिकवायचं ते तुम्ही ठरवा, पण मुलांना एक मोजमाप जरूर करायला लावा. जमिनीवर खडूनं एक मीटरचा चौकोन आखा आणि त्यात एकेक मूल उभं करा. चारपर्यंत हसतील. सहाव्याला कुरकुर सुरू होईल. तिथेच थांबा.

प्रश्न : 2027 च्या सिंहस्थात नाशिकला स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय. वय 22. गर्दी अंगावर आली तर काय करायचं, आणि कुणी बेशुद्ध पडलं तर? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : बाळा, आधी तुझ्याच गावातली गोष्ट घरी विचार. 27 ऑगस्ट 2003, शाही स्नानाचा दिवस, रामकुंडाकडे उतरणारे अरुंद रस्ते, 39 मृत्यू. ज्यांनी ते पाहिलं ते अजून पंचवटीतच राहतात, त्यांना कुठल्या बोळात काय झालं ते नीट माहीत आहे. तुझ्या प्रशिक्षणाच्या पुस्तकापेक्षा ते जास्त सांगतील.

तू आत सापडलास तर दोन्ही हात छातीसमोर घे, बॉक्सर घेतो तसे, कोपरं थोडी बाहेर. तेवढ्यानं बरगड्यांपुढे वितभर जागा राहते आणि ती वितभर जागा म्हणजे श्वास. ओरडत राहू नकोस, श्वास तिथे खर्च होतो. लाटेच्या उलट ढकलायला जाऊ नकोस. लाट ओसरते त्या दोन-तीन सेकंदांत तिरका सरक, कडेकडे, पण भिंत आणि बॅरिकेडला पाठ लागेल असा नको. फोन पडला, पिशवी पडली, तर पडू दे. वाकलेला माणूस पुन्हा उभा राहीलच असं नसतं. पडलासच तर कुशीवर हो, गुडघे पोटाशी, हात डोक्याभोवती. पालथा किंवा उताणा राहिलास तर छाती अडकते.

पण तू स्वयंसेवक आहेस, म्हणजे खरं काम मागच्या टोकाला आहे. समोर रांग थांबली तर सगळ्यांचं लक्ष समोर जातं. तू मागे पळ आणि येणाऱ्यांना थांबव. खांद्याला खांदा सगळीकडून लागायला लागला, आपला हात चेहऱ्यापर्यंत नेता येईना, तर वेळ निघून चालली आहे असं समज. आधी गावातून येणारा लोंढा थांबायला हवा. पुढचं दार उघडणं ही नंतरची गोष्ट.

कुणी बेशुद्ध सापडलं तर जो ओरडतोय त्याच्याकडे नंतर जा. ओरडतोय म्हणजे श्वास आहे. गप्प पडलेल्याकडे आधी. त्याच्या छातीवरचं ओझं काढ, मोकळ्या जागी ओढून घे. श्वास नाही, किंवा मासळीसारखा तोंड उघडून अधूनमधून येणारा आहे, तर लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात कर, मिनिटाला 100 ते 120, आणि येत असेल तर तोंडानं श्वासही दे, कारण हा माणूस हवेअभावी पडलेला आहे. मेंदूला चार-सहा मिनिटांहून जास्त वेळ नसतो. चेहरा जांभळा आणि डोळे लाल बघून "गेला" असं ठरवू नकोस. तो मुखवटा वाचलेल्यांच्या चेहऱ्यावरही असतो आणि काही दिवसांत उतरतो. तोंडात पाणी ओतणाऱ्यांना हाकल, कांदा हुंगवणाऱ्यांनाही. छाती दाबायचं आत्ताच कुठेतरी शीक, पुतळ्यावर हात बसेपर्यंत.

प्रश्न : गणपती बघायला लालबागला जायचंय. चार वर्षांची मुलगी बरोबर असेल. तिला कडेवर घ्यावं की खांद्यावर? (ठाणे)

उत्तर : पहाटे जा, किंवा विसर्जनाआधीचे दोन-तीन दिवस टाळा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. कडेवर नको. कडेवर तिची छाती तुमच्या आणि परक्या माणसाच्या मध्ये येते, आणि तिच्या बरगड्या मऊ आहेत. हात धरून खाली चालवणं त्याहून वाईट, तिचं नाक मोठ्यांच्या कमरेशी येतं. खांद्यावर घ्या. वर ती मोकळी राहते, आणि तिथून तिला लांबवरचं दिसतं. पुढची माणसं चालतायत की उभी आहेत, ते तिला विचारत राहा. "उभी आहेत" म्हणाली की बाजूच्या गल्लीत वळा.